केसपेपर कुणाचा?

मागच्या महिन्यात आत्याला घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. तिचं वय ७८. मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. दारातच फलक होता, ‘रुग्ण आमच्या केंद्रस्थानी’, आणि त्याखाली क्यूआर कोड. नोंदणी मोबाईलवरूनच करायची, ओटीपी जाणार तिच्या मुलाच्या फोनवर, आणि मुलगा बंगळुरूला मीटिंगमध्ये. पाऊण तास आम्ही बाकावर बसून राहिलो.

आत्याच्या मांडीवर साडीच्या दुकानाची जुनी पिशवी होती. तिच्यात नऊ वर्षांची डिस्चार्ज कार्डं, रक्ताचे रिपोर्ट, नाव विसरायला नको म्हणून जपलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, त्यावरची रेघ हळूहळू उडते. हे आत्याला एका कंपाउंडरने फार पूर्वी सांगितलं होतं, म्हणून तिने प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स काढून मूळ पट्टीला टाचून ठेवली आहे. डॉक्टरांनी पिशवी उघडूच दिली नाही. “आजी, सिस्टिममध्ये आहे सगळं,” म्हणाले. सिस्टिममध्ये होतं ते त्याच रुग्णालयातलं, गेल्या दोन वर्षांचं. आधीची सात वर्षं पिशवीतच राहिली.

‘रुग्णकेंद्री’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, तो मला इथे बोचतो. रुग्णाला मधोमध बसवायचं आणि भोवती अॅप, टोकन, समाधानाचे तारे उभे करायचे, एवढाच त्याचा अर्थ उरत चालला आहे. पण ज्यांनी हा विचार मांडला त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. आजाराची हकीकत कुणाच्या शब्दांत लिहायची आणि ती कुणाच्या हाती असायची, हा तो प्रश्न.

भोर समितीचा १९४६ चा अहवाल, १९७८ चा अल्मा-आटा जाहीरनामा, जामखेडचे आरोळे दांपत्य, गडचिरोलीचे बंग दांपत्य, हा लोकांच्या आरोग्याचा प्रवास वाचकांना पाठ आहे. मायकेल आणि इनिड बॅलिंट यांनी लंडनमध्ये डॉक्टरांना रुग्णाचं ऐकायला शिकवलं, इनिडबाईंनी १९६९ मध्ये ‘रुग्णकेंद्री वैद्यक’ हा शब्दप्रयोग वापरला, याबद्दलही वाद नाही. माझा वाद आहे तो अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांच्याबद्दल. संगणकीय नोंदींचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

वीड यांचा प्रसिद्ध लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९६८ साली दोन भागांत आला. ते स्वतः संशोधनातून आलेले. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याची वही गुरुजन ओळ न् ओळ तपासतात, आणि वॉर्डात माणसाच्या जिवाशी निगडित नोंद मात्र कुणी कशीही लिहितो, ही विसंगती त्यांना सहन होईना. त्या काळी रुग्णाची फाईल खात्यांनुसार लावलेली असे: डॉक्टरांच्या नोंदी एकीकडे, सिस्टरच्या दुसरीकडे, लॅबचे कागद आणखी कुठे. रुग्णाला नेमकं काय होतंय, हे शोधायला सगळी फाईल चाळावी लागे. वीड म्हणाले, पहिल्या पानावर रुग्णाच्या तक्रारींची क्रमांकवार यादी करा. मधुमेह क्रमांक १, धाप क्रमांक २, ‘घरी एकटी राहते’ हीसुद्धा तक्रारच, तिलाही क्रमांक द्या. पुढची प्रत्येक नोंद त्या क्रमांकाखाली लिहा. आणि नोंदीत सर्वांत आधी काय, तर रुग्ण स्वतः काय सांगतो ते. मग तपासणी, मग निदान, मग पुढची योजना. वैद्यकाचे विद्यार्थी ज्याला ‘सोप नोट’ म्हणतात ती हीच. तिच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर, ‘एस’ म्हणजे ‘सब्जेक्टिव्ह’, रुग्णाच्या बोलण्याचं आहे.

संगणक नंतर आला. व्हरमॉन्टमध्ये वीड यांनी तो वापरला तो या शिस्तीसाठी. डॉक्टरच्या डोक्यात सगळं राहू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. १९७५ मध्ये त्यांनी थेट रुग्णांसाठी पुस्तक लिहिलं, आणि आपल्या नोंदीची प्रत रुग्णाच्या हाती असलीच पाहिजे, असा आग्रह धरला.

पुढे जगाने संगणक उचलला आणि शिस्त मागे ठेवली. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदींसाठी सरकारी पैसा ओतला, पण तिथली नोंद बिलाच्या गरजेनुसार वाढत गेली. डॉक्टर-लेखक अब्राहम व्हर्गीस यांनी आदल्याच वर्षी लिहिलं होतं, की खाटेवरचा रुग्ण पडद्यावरच्या रुग्णाचं नुसतं चिन्ह होऊन बसलाय. आपल्याकडच्या रुग्णालयांचे पडदे पाहा. लॅबची खिडकी वेगळी, औषधांची वेगळी, बिलाची वेगळी. वीड यांनी मोडलेली खात्यांची मांडणी काचेवर परत आली आहे. तिला रुग्णकेंद्री म्हणणं मला मान्य नाही.

नोंद कुणाच्या हाती आणि कुणाच्या शब्दांत, या प्रश्नाला महाराष्ट्रात आधीच चांगली उत्तरं मिळाली आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. केसपेपरची प्रत रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना गोपनीयतेचं कारण सांगून नाकारता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रहेजा खटल्यात दिला. २००७ पासून इथल्या अनेक गावांनी सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख केली, जनसुनवाईत उभं राहून ‘औषध बाहेरून का आणायला लावलं?’ असं सरकारी डॉक्टरांना विचारलं. त्यासाठी संगणक लागला नव्हता.

२०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना मी नाकारत नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहणार आणि रुग्णाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिसणार नाही, हे तत्त्व योग्यच आहे. पण ‘आभा’ या त्यातल्या आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक रांग चुकवण्याचं टोकन म्हणून काढून दिला, तर संमती कशाला दिली हे आत्यासारख्या बाईला कळणार कसं? आणि पिशवीतल्या सात वर्षांचं काय? ती स्कॅन करून तिच्या नोंदीत घालायचं काम कुणाचं, हे त्या दिवशी काउंटरवरच्या कुणालाच सांगता आलं नाही. माझ्या मते ते काम रुग्णालयाचं आहे. केंद्रस्थानी म्हणवता ना, मग एक माणूस आणि एक स्कॅनर त्या बाकाजवळ बसवा.

तोवर वाचकांनी एवढं तरी करावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पिशवी फेकू नका. रुग्णालयाकडे केसपेपरची प्रत लेखी मागा, अर्जावर तारीख घाला आणि पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते.