नाव घेणे

पावसाळा सरला की आमच्या नेऱ्यातून प्रबळगडाचा आडवा माथा आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका कोरल्यासारखा स्वच्छ दिसू लागतो. पाहुणे आले म्हणजे मी त्यांना अंगणात नेतो, बोटाने तो सुळका दाखवतो आणि तिथे कुणा कलावंतिणीचा महाल होता, ही दंतकथा माझ्याकडून चार शब्दांची भर घालून सांगतो. परवा पाहुण्यांच्या एका लहान मुलीने मला मध्येच अडवले. “पण तिचं नाव काय होतं?”

मी गप्प झालो. कलावंतीण हा पेशा सांगणारा शब्द. डोंगराला बाईचा पेशा चिकटला. नाव चिकटले नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि त्याबद्दल लाज वाटावी असा प्रसंग नुकताच आठ दिवसांपूर्वी घडून गेला होता.

आमच्याकडे नऊ वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशी तापाने फणफणल्या, म्हणून मी त्यांना रिक्षात घालून पनवेलला दवाखान्यात नेले. खिडकीतल्या माणसाने विचारले, “पेशंटचं नाव?” मी म्हणालो, “मावशी.” तो हसला. मला हसू येईना. मागच्या बाकावरून मावशींनीच क्षीण आवाजात आपले नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव सांगितले. मी ते तीनही शब्द नऊ वर्षांत प्रथमच ऐकत होतो. आमच्या घरात त्यांना कुणी अरेतुरे करीत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! पण नात्याचा शब्द वापरला की माणसाची ओळख करून घेण्याचे कष्ट वाचतात, हे त्या खिडकीपाशी मला कळले.

तेव्हापासून ‘सर’ हा चित्रपट माझ्या मनात घोळतो आहे. रोहेना गेरा या पुण्यात जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या दिग्दर्शिकेचा हा पहिला कथाचित्रपट. फ्रान्सच्या साहाय्याने तो निघाला, २०१८ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि आपल्याकडे २०२०च्या दिवाळीत चित्रगृहांत आला. त्यातली रत्ना ही खेड्यातून मुंबईत आलेली मराठी विधवा. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला. ती एका श्रीमंत तरुणाच्या घरी राहून काम करते आणि शिवणकाम शिकून कपडे घडवण्याची स्वप्ने पाहते. तरुणाचे, अश्विनचे, ठरलेले लग्न मोडले आहे. दोघांच्या मनात हळूहळू काही उगवते. तिलोत्तमा शोम यांनी ही रत्ना अशी उभी केली आहे की तिच्या पाठीकडे पाहूनही तिच्या मनातले कळावे.

अश्विन तिला म्हणतो की मला ‘सर’ म्हणू नकोस. रत्ना ऐकत नाही. प्रथम मला वाटले, बिचारी भिते. नंतर उमगले की त्या दोघांत व्यवहार तिलाच अधिक कळतो. लोक काय म्हणतील हे त्याने सोसायचे ते चार मित्रांत. तिने सोसायचे ते जिन्यात, मोलकरणींत, गावात आणि सासरी. आणि ज्याच्या हातून महिन्याचा पगार घ्यायचा, त्याला नावाने हाक मारण्याची मोकळीक हीदेखील त्यानेच दिलेली बक्षिसी ठरते. बक्षीस मिळालेली बरोबरी ही बरोबरी नव्हे. रत्ना ते घर सोडते, दुसरीकडे स्वतःच्या कसबावर उभी राहते, आणि मग शेवटी टेलिफोनवर तिच्या तोंडून त्याचे नाव निघते. एवढाच शेवट.

कोणी म्हणेल, प्रेम असे हिशेब पाहत नाही. माझ्या आजीने आजोबांचे नाव उखाण्याखेरीज कधी घेतले नाही; म्हणून का तिचे प्रेम खोटे? खोटे नव्हतेच. पण आजोबा तिचे नाव घरभर गाजवत आणि ती मात्र ‘अहो’वर थांबे, हेही खरे. तिच्या ‘अहो’त माया किती आणि धाक किती, हे तिलाही निवडून सांगता आले नसते. तिला नाव घेण्याची मुभा असती आणि तरीही तिने ‘अहो’च म्हटले असते, तर त्या शब्दाची किंमत आपल्याला कळली असती. न घेणे आणि घेता न येणे यांत फार अंतर आहे.

याच्या अगदी उलट टोकाचा एक चित्रपट फ्रेंच भाषेत आहे. आलें रेने या दिग्दर्शकाचा तोही पहिलाच कथाचित्रपट, ‘हिरोशिमा मोनामूर’, १९५९ सालचा. लेखन मार्गरीत द्यूरास यांचे. फ्रेंच नटी आणि जपानी वास्तुशिल्पी यांची ती एका दिवसाची भेट. फ्रेंचातही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. ही दोघे पाहता पाहता एकेरीवर आलेली असतात. तरुणपणी नेव्हेर गावात एका जर्मन सैनिकावर प्रेम केल्याबद्दल तिचे केस कापले गेले, तिला तळघरात कोंडले गेले. हे सारे ती या परक्याला सांगते. पण चित्रपटभर दोघांना नावे नाहीत. शेवटी ती त्याला हिरोशिमा म्हणते आणि तो तिला नेव्हेर. गावाने सोसलेले दुःख हेच त्यांचे नाव होते. इतकी जवळीक, आणि तरीही माणूस नावापर्यंत पोचत नाही! हाती उरते ती एक जखम, नकाशावरच्या ठिपक्यासारखी.

या दोन शेवटांमध्ये मी माझ्यापुरते उत्तर ठेवले आहे. दुसऱ्याला त्याच्या कामाने, दुःखाने किंवा आपल्या सोयीच्या नात्याने ओळखणे सोपे आहे. त्याला त्याच्या नावाने ओळखणे म्हणजे आपल्या घराबाहेरही त्याचे एक आयुष्य आहे, ते आपल्या उपकारावर चालत नाही, हे मान्य करणे. प्रेमाची सुरुवात तिथून होते. दयेची त्याआधीच होऊन गेलेली असते.

यंदा वसुबारसेला मावशी बऱ्या होऊन कामावर आल्या. फराळाची बशी घेऊन मी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितले. त्या पायरीवरच बसल्या. मी धीर करून विचारले, “मावशी, तुम्हाला नावाने हाक मारलेली आवडेल का?”

त्यांनी चकली मोडली, थोडा विचार केला. “हाक मावशीच मारा, साहेब. पण ती पगाराची वही आहे ना, तिच्यात नाव लिवा. ‘बाई’ लिवलंय, ते माझी नात वाचून दाखवते मला.”

त्या रात्री पणत्या लावून झाल्यावर मी वही उघडली. नऊ वर्षांची पाने होती. प्रत्येक महिन्यापुढे ‘बाई’ होते. मी पहिल्या पानापासून खोडायला सुरुवात केली.