दगडफुलाची साक्ष

गोड्या मसाल्यातलं दगडफूल आपल्या ओळखीचं. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून ते घडतं. त्याला मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते पावसातून, हवेतूनच घेतं. म्हणून हवेतलं विषही थेट त्याच्या अंगात भिनतं.

१८६६ साली विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञानं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांची नोंद केली आणि ती निरोगी हवेची खूण आहेत, असं सांगितलं. पुढच्या तीस वर्षांत शहराच्या धुरानं ती तिथून नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हवेतला, धुरातून येणारा सल्फर डायऑक्साइड वायू घटला, तेव्हा झाडांच्या सालींवर काही जाती परतल्या. पण युरोपातल्या अनेक शहरांत आज नायट्रोजनयुक्त प्रदूषणात तग धरणाऱ्या जातीच अधिक दिसतात. नाजूक जाती अजून दूरच आहेत.

हवा सुधारली की जीवन परततं, हा मोठा दिलासा. पण गेलेलं सगळंच परत येत नाही. म्हणून हवा बिघडूच न देणं, हेच खरं शहाणपण. कचरा न पेटवणं, जवळच्या कामाला गाडी न काढणं, एवढं तर आजपासूनच आपल्या हाती आहे.