अनुपलब्धी आणि अनुल्लेख

चाकणच्या संग्रामदुर्गावर मराठी विकिपीडियात लेख लिहिणाऱ्यास संदर्भांची वाण नसते. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा याने शायिस्ताखानाविरुद्ध हा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस लढवला, हे इतिहासग्रंथांतून सहज दाखवता येते. मात्र शेजारच्या खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे या गावांतील एखाद्या जत्रेविषयी किंवा कारखान्यांमागोमाग उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांतील जीवनाविषयी कोणी नवखा लिहू लागला, तर मजकुरात 'संदर्भ हवा' अशी खूण उमटते आणि 'उल्लेखनीयता' सिद्ध न झाल्यास लेख वगळलाही जाऊ शकतो. हा निर्णय न्याय्य म्हणता येईल काय?

येथे प्रचालकांना खलपुरुष ठरवणे सोपे, पण उथळ होईल. केतकरांच्या ज्ञानकोशामागे किंवा तर्कतीर्थांच्या विश्वकोशामागे संपादकाचा अधिकार उभा होता. जे वगळले गेले त्याचा गाजावाजा झाला नाही. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियात लेखक कोणीही असू शकतो, म्हणून कोणाचाच शब्द आप्तवाक्य मानता येत नाही. छापील, त्रयस्थ साधनाचा आग्रह त्यातूनच येतो. तो सोडला तर आत्मस्तुतीचा पूर लोटेल, यात शंका नाही.

खरा पेच प्रमाणाचा आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण तिला 'योग्य' हे विशेषण लावले. उजेडात जमिनीवर घट दिसत नसेल तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एखाद्या चित्रपटाचा उल्लेख कोणत्याही वृत्तपत्रात सापडत नसेल, तर ती योग्य अनुपलब्धी होय, कारण तो असता तर छापला गेला असता. खराबवाडीच्या जत्रेस हा न्याय लागू पडत नाही. चाकणचा कामगार मुद्रणात येतो तो बहुधा २०१३ मधील बजाज ऑटोच्या संपासारख्या प्रसंगी. संप मिटला की तो पुन्हा अंधारात जातो. नियम सर्वांना सारखा असला, तरी ज्या छापील संचितावर तो उभा आहे ते सारखे नाही.

(हे केवळ खेड्यांचेच दुखणे नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियाने अपुऱ्या संदर्भांमुळे नाकारला. ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळाले.)

तेव्हा 'संदर्भ सापडला नाही' यावरून 'उल्लेखनीय नाही' अशी उडी घेणे हा तार्किक दोष आहे, आणि ती नवख्याच्या तोंडावर घेणे हा नैतिक दोष आहे. नकार देणाऱ्यास पुराव्याविषयी बोलायचे असते. ऐकणाऱ्यास मात्र आपले गाव नगण्य ठरल्याचे ऐकू येते. वगळलेला मजकूर प्रचालकांखेरीज कोणालाच दिसत नाही. सर्वांसाठी उरते ती नोंदीतील एक ओळ. त्या ओळीत 'अनिर्णीत' आणि 'अनुल्लेखनीय' यांतील भेद राखणे अवघड नाही. शिवाय विकिपीडियाकडे 'धूळपाटी' हा सुंदर शब्द आणि तशी जागाही आहे. तेथे हलवलेला लेख निदान वाचता येतो, पुढे एखाद्या स्थानिक स्मरणिकेचा आधार मिळाल्यास परतही आणता येतो.

तरीही ज्याची स्मरणिकाच निघाली नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. २०११ मध्ये अचल प्रभाला यांच्या पुढाकाराने मौखिक साक्षच संदर्भ म्हणून नोंदवण्याचा प्रयोग हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत झाला. मराठी त्यात नव्हती.