मोडीत काढण्यापूर्वी



होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे इंजिन आपण पाहिले आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने 1909 साली अमेरिकेत अशी इंजिने विकायला सुरुवात केली. त्याच्या नावाची इंजिने बनणे 2020 साली थांबले. तरी पन्नास-साठ वर्षांची जुनी इंजिने सांभाळून चालवणारे लोक तिथे आहेत. त्यातले एखादे बिघडले की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : दुरुस्त करायचे की बदलायचे?

जाणता मेकॅनिक लगेच निकाल देत नाही. तो स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतो आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. एकाचा दाब फार कमी भरला, तर हेड उघडतो. पुष्कळदा मूळ कारण लहानच निघते. पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र झिजलेले असते. पाणी फिरत नाही, इंजिन तापते, पिस्टन फुगून सिलिंडरला ओरखडे पाडतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे राहिले तरी हीच गत. सिलिंडर बोअर करून थोडा मोठा पिस्टन व नव्या रिंगा बसवता येतात. पण ब्लॉकलाच तडा गेला असेल किंवा खाऱ्या पाण्याने तो पोखरला असेल, तर इंजिन बदलणेच शहाणपणाचे. पाण्यात माणसांचा जीव त्याच्यावर असतो.

यंत्राच्या बाबतीत दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. माणसाला मात्र देव मोडीत काढत नाही. दाखल्यातल्या माळ्याने वांझ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले (लूक 13:6-9). पेत्राने तीनदा नाकारले, तरी प्रभूने त्याच्या जागी दुसरा कोळी शोधला नाही. किनाऱ्यावर त्यालाच तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि कळप त्याच्याच हाती सोपवला (योहान 21:15-17).

तत्त्वज्ञानात एक जुना प्रश्न आहे : जहाजाची एकेक फळी बदलत सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच राहते का? आपल्याविषयी ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. बाप्तिस्म्याने आत्म्यावर उमटलेला शिक्का पुसला जात नाही. म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्यांदा दिला जात नाही. पडलेल्यासाठी प्रायश्चित्त साक्रामेंत आहे. तिथे देव आपल्या जागी दुसरा कोणी आणत नाही, आपल्यालाच पुन्हा उभे करतो. मात्र त्यासाठी आतले उघडून दाखवावे लागते. वरून रंग मारून इंजिन चालत नाही.

आपल्या घरात दारूत बुडालेला मुलगा असेल, अबोला धरलेला भाऊ असेल. ‘तो कामातून गेला’ असे म्हणण्यापूर्वी त्याचे पाणी कुठे अडले ते आपण कधी पाहिले का? दुरुस्त केलेले इंजिन घेऊन कोणी पहिल्याच दिवशी खोल समुद्रात जात नाही. आधी काठाकाठाने चालवून पाहतात. तसाच विश्वासही हळूहळू टाकावा. पण दार बंद करू नये.

या आठवड्यात अशा एका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करू या, आणि त्याला भेटायला जाऊ या. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.