सूत खरे की कापड?

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे कार्यकर्ते टी-शर्टच्या घाऊक दुकानांत दिसू लागतात. कॉलरवाला हवा, छातीवर मंडळाचे नाव हवे, सगळ्यांचा रंग एक हवा, एवढे घरूनच ठरलेले असते. दुकानदार दोन नमुने समोर टाकतो. एक गुळगुळीत, दुसऱ्यावर बारीक खळग्यांची जाळी. पहिले सिंगल जर्सी. दुसरे पिके, ज्याला बाजारात मॅटीही म्हणतात. दोन्हींत कापूस तोच, सूत तेच तीस नंबरचे, रंगाचा लॉटही एकच असू शकतो. तरी भर मिरवणुकीत एक घामाने पाठीला चिकटते आणि दुसरे सुटे राहते.

सूत तेच, तर मग हा फरक कशाचा?

हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर पडतो, पण तो तिथला नाही. भारतीय दर्शनांनी हजार वर्षांहून अधिक काळ तो चघळला आहे, आणि तोही कापडाचाच दाखला घेऊन. कापड म्हणजे सुतापलीकडे काही आहे का? की सुतालाच आपण दुसरे नाव दिले आहे?

सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला तर्कसंग्रह आजही न्यायशास्त्राचे पहिले पुस्तक म्हणून शिकवला जातो. कारणाचे तीन प्रकार समजावताना त्यात कापड येते. तंतू हे कापडाचे समवायी कारण, तंतूंचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण, आणि धोटा-माग वगैरे साधने हे निमित्त कारण. नैयायिकांचे म्हणणे असे की ही तिन्ही जुळली की आधी नसलेली एक वस्तू जन्माला येते. ती तंतूंच्या आधाराने राहते, पण ती तंतू नव्हे. तंतू अनेक असतात, कापड एक असते. एकट्या तंतूने अंग झाकत नाही, कापडाने झाकते. नाव वेगळे, काम वेगळे, म्हणून वस्तूही वेगळी. हाच असत्कार्यवाद: कार्य कारणात आधीपासून नसते, ते नव्याने होते.

सांख्यांनी याला कडाडून विरोध केला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेवर तत्त्वकौमुदी लिहिणारे मिथिलेचे वाचस्पती मिश्र या ठिकाणी थेट तराजूच पुढे करतात. कापड हे तंतूंहून निराळे द्रव्य असते, तर त्याचे स्वतःचे वजन तंतूंच्या वजनात मिळवावे लागले असते. तसे तर होत नाही. जेवढे सुताचे वजन, तेवढेच कापडाचे. मग नवे काय जन्मले? आणि काम वेगळे आहे म्हणाल, तर पालखीचे भोई पाहा. एकेकटा भोई वाट दाखवील, पण पालखी उचलणार नाही. सगळे मिळून उचलतात. म्हणून काही भोयांखेरीज तिथे आणखी कोणी उभा राहिला असे होत नाही. याच वाचस्पतींनी न्यायदर्शनावरही मोठी टीका लिहिली आणि तिथे नैयायिकांची बाजू तेवढ्याच ताकदीने मांडली. दोन्ही पक्ष आतून ओळखणारा असा वकील क्वचित सापडतो.

वाचस्पतींचा तराजू आजच्या होजिअरीच्या बाजारात जसाच्या तसा उभा आहे. मागावरचे कापड मीटरवर विकले जाते, पण निटिंगचे कापड किलोवर. तमिळनाडूतले तिरुपूर हे या धंद्याचे देशातले सर्वांत मोठे केंद्र. तिथे सूत निटिंगला टाकले की घट वजा जाता तेवढ्याच वजनाचे कापड परत येते. इथवर सांख्यांचा विजय. पण त्याच बिलावर निटिंगची मजुरी वेगळी लावलेली असते. साध्या जर्सीची मजुरी एक, टाक्यांची रचना बदलली की दुसरी. ज्याला गुंजभरही वजन नाही, अशा कशाचे तरी पैसे बाजार रोख मोजून देतो. ते जे काही आहे, ते नुसते नाव असते तर कोणी त्याला दमडी दिली नसती.

ते काय आहे हे पाहायचे तर पिकेचा टाका जवळून पाहावा लागतो. सिंगल जर्सी विणताना गोल यंत्रावरची प्रत्येक सुई दर फेरीला जुना टाका सोडते आणि नवा ओढून घेते. पिकेत काही ठरावीक सुया जुना टाका सोडतच नाहीत. तो धरून ठेवूनच नवे सूत उचलतात आणि पुढच्या फेरीत दोन्ही एकदम सोडतात. या धरून ठेवण्याला टक म्हणतात. त्याने शेजारचे टाके बाजूला रेटले जातात. कापड रुंदावते, जाड होते, लांबीत कमी ताणले जाते, आणि एका बाजूला खळगे उमटतात. यंत्राच्या हिशेबाने ती कापडाची उलटी बाजू, पण पोलो शर्टात तीच बाहेर मिरवते. अशा कापडात ताठपणा येतो. ते अंगाला सपाट चिकटत नाही, आतून हवा खेळते आणि कॉलरचा भार पेलते. सुतात काहीही मिसळलेले नसते. बदललेला असतो तो फक्त टाक्याचा टाक्याशी संबंध.

फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त याने नेमके हेच हेरले. त्याच्या काळात टेनिस खेळायचे ते लांब बाह्यांच्या, मागावरच्या कडक कापडाच्या पांढऱ्या शर्टात. १९२६ साली अमेरिकन स्पर्धेत तो आखूड बाह्यांचा, निटिंगच्या कापडाचा मऊ कॉलरचा शर्ट घालून उतरला. १९३३ मध्ये होजिअरी कारखानदार आंद्रे जिलिए याच्या साथीने त्याने तो शर्ट बाजारात आणला. त्या शर्टाची खूण एल.१२.१२ अशी आहे. एल म्हणजे लाकोस्त, १ म्हणजे बारीक पिके कापड, २ म्हणजे आखूड बाही, आणि शेवटचा १२ हा पसंत पडलेल्या नमुन्याचा क्रमांक. कापसाला त्या खुणेत जागा नाही, रचनेला आहे.

वेदान्ताचे उत्तर सांख्यांहून आणखी सूक्ष्म आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात कापडाच्या दाखल्याचे एक सूत्रच आहे. त्यावर शंकराचार्य गुंडाळलेल्या कापडाकडे बोट दाखवतात. गुंडाळी पाहून हे कापड आहे की आणखी काही, ते नीट कळत नाही. कापड आहे हे कळले तरी त्याची लांबी-रुंदी कळत नाही. उलगडले की सगळे कळते, पण उलगडल्याने दुसरे कापड आलेले नसते. तसेच कार्य कारणात अव्यक्त असते आणि मग व्यक्त होते. ज्ञानेश्वरांनी तर गीतेच्या सातव्या अध्यायातल्या मणी आणि दोऱ्याच्या उपमेत मणीही सोन्याचे केले आणि दोराही सोन्याचाच. ओवणारे एक आणि ओवले जाणारे दुसरे, ही फटच त्यांनी उरू दिली नाही.

विश्वाच्या मुळाशी एकच तत्त्व आहे का, या प्रश्नापुढे हे उत्तर भव्य आहे, आणि त्याचा आदर करूनच पुढचे म्हणायला हवे. एकाच सुताच्या कोनातून जर्सी निघते, पिके निघते आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे, जाड आणि गुबगुबीत इंटरलॉकही निघते. ही सगळी कापडे त्या सुतात आधीच दडलेली होती असे मानले, तरी त्यांतले हेच का व्यक्त झाले याचे उत्तर सुतात मिळत नाही. नैयायिकांनी इथेच जुना पेच टाकला होता. हे व्यक्त होणे आधीपासून होते का? असेल, तर यंत्र, सुया आणि मजुरी कशासाठी? नसेल, तर निदान व्यक्त होणे तरी नवे मानावे लागते. एक गोष्ट नवी मानली की असत्कार्यवादाला दार उघडले जाते.

बौद्धांनी दोघांनाही अडवले. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने विचारले की अवयवांहून वेगळा असा एक अवयवी, म्हणजे अवयवांचे मिळून झालेले अखंड पूर्ण, खरोखर असेल, तर त्याचा एक भाग रंगवल्यावर तो सगळाच रंगला पाहिजे. कापडाच्या कोपऱ्यावर डाग पडला तर कापड डागाळले म्हणायचे की नाही? हा आक्षेप सहज झटकता येत नाही. मात्र धर्मकीर्तीपुढचे कापड मागावरचे होते, आणि निटिंगचे कापड त्याला थोडे वेगळे उत्तर देते. यात एका टाक्याला ओढ लागली की शेजारचे टाके सरकून सूत पुरवतात. एक टाका तुटला की त्याच्या रांगेतले टाके एकामागून एक सुटत जातात. इथला भाग आपल्यापुरता कधीच नसतो. एकत्वाचा यापेक्षा भक्कम पुरावा मागणे कठीण आहे.

अडचण नैयायिकांनाही आहे. संयोगाला दोन द्रव्ये लागतात, आणि त्यांच्या कापडात उभा धागा आणि आडवा धागा अशी ती होती. हाताने विणलेला स्वेटर मात्र एकाच अखंड धाग्याचा असू शकतो. तिथे धागा स्वतःलाच अडकतो. त्यांना मग तंतूखाली उतरून त्याच्या अंशूंचा, म्हणजे धाग्याच्या तुकड्यांचा आणि तुसांचा संयोग सांगावा लागेल. पण असा स्वेटर उसवणारीने आणखी एक गोष्ट पाहिलेली असते. उसवलेली लोकर सरळ निघत नाही. प्रत्येक टाक्याची वळणे तिच्यात राहतात, म्हणून ती धुऊन, वजन टांगून सुकवावी लागते. कृत्रिम धाग्याच्या उद्योगात तर धागा आधी विणून, उष्णतेने त्याची घडी पक्की करून मग मुद्दाम उसवतात, कारण त्यांना ती वळणेच हवी असतात. म्हणजे संबंध तुटला तरी त्याची खूण द्रव्यावर राहते. जे खरे नाही ते खूण सोडत नाही.

म्हणून काही सगळे श्रेय रचनेलाच द्यायचे नाही. पिकेची तीच रचना पॉलिएस्टरच्या धाग्याने विणली, तर डोळ्यांना फरक कळणार नाही, अंगाला लगेच कळेल. प्रमाण हवामानात कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्का. कारणाचे गुण कार्यात उतरतात, हा नैयायिकांचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. ओलावा न धरणारे पॉलिएस्टर लवकर वाळते, म्हणून मैदानावर ते चालते. कोकणातल्या दमट उन्हात दिवसभर घालायला सुती पिके बरे.

राहिले निमित्त कारण. न्यायशास्त्र सांगते की समवायी कारण कार्याबरोबर राहते, निमित्त कारण बाजूला होते. कापड तयार झाले की माग दिसत नाही, कारागीर दिसत नाही, आणि रंगाचे पाणीही दिसत नाही. तिरुपूरच्या रंगाईचे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत गेले आणि खालच्या गावांची शेती त्यात बुडाली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत तिथली रंगाई बंद ठेवण्याचा आदेश दिला. वस्तूत उरत नाही म्हणून निमित्त कारण हिशेबातून गाळायचे, ही चूक तर्काची नसून नीतीची आहे.

तेव्हा या वादात कौल नैयायिकांकडे जातो, पण पूर्ण नव्हे. सुताचे वजन वाढत नाही हे सांख्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तरीही कापड ही नवी, खरी वस्तू आहे, कारण संबंध खरे आहेत. यंदा मंडळासाठी, शाळेसाठी किंवा दिंडीसाठी शर्ट घेणाऱ्यांनी चौकशीचा क्रमही त्याप्रमाणे ठेवावा. आधी टाका कोणता ते विचारावे आणि कापड उजेडासमोर धरून, आडवे-उभे ताणून पाहावे. मग धागा सुती की मिश्र ते पाहावे. पोलोसाठी वजन साधारण २०० ते २२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे तेवढे ग्रॅम, आहे याची खात्री करावी. आणि पैसे देण्यापूर्वी, हा रंग कुठे चढला आणि त्याचे पाणी कुठे गेले, हेही दुकानदाराला आवर्जून विचारावे.