सनद नसलेला उपचार

एखाद्या व्यसनाधीन माणसाला सावरण्यासाठी ईमान आणि जिव्हाळा पुरेसा आहे, की त्या कामाचे रीतसर शिक्षणही घ्यायला हवे? वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न सोपा वाटतो. शिक्षण हवेच, असे आपण सारे म्हणू. पण आपल्या मोहल्ल्यांतील वर्तन या उत्तराशी जुळत नाही. मुलगा दारू पितो हे कळले की आधी ते लपवले जाते. मग थोरले चुलते येऊन दोन थपडा लगावतात. मग इमामसाहेबांकडून पाण्यावर दम करून घेतला जातो. एवढ्याने भागले नाही तर त्याला खोलीत कोंडतात, किंवा चाळीस दिवसांसाठी जमातीत पाठवून देतात. या साऱ्यामागे तळमळ असते, आणि दुआ व सत्संगतीचे मोल नाकारणारा मी कोण? तरीही तळमळ ज्ञानाची जागा घेऊ शकते काय, हे विचारावेच लागेल.

हजरत जाबिर (रजि.) यांनी निवेदन केलेली एक घटना सुनन अबू दाऊदमध्ये आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्लची गरज पडली, तेव्हा तयम्मुमची सवलत मिळेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे समजले तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत त्या सोबत्यांना या मृत्यूचे जबाबदार ठरवले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, असे बजावले. ध्यानात घ्या, त्या सोबत्यांची नियत वाईट नव्हती. धर्माज्ञेचे काटेकोर पालन व्हावे एवढेच त्यांना हवे होते. आणि वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील तो झालेल्या हानीला जबाबदार आहे, ही दुसरी हदीस अबू दाऊद, नसाई आणि इब्न माजा या तिघांनी नोंदवली आहे.

व्यसनाच्या बाबतीत ही जबाबदारी किती भारी आहे, हे अनेक घरांना माहीतच नसते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत त्याला फेफरे येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, ताप चढतो, अंग थरथरते, नसलेली माणसे दिसू लागतात. उपचार झाला नाही तर त्यात प्राणही जातो. मालेगावात जिला 'कुत्ता गोली' म्हणतात त्या झोपेच्या गोळीचेही असेच आहे. ती अचानक तोडली तर फेफरे येण्याचा धोका असतो. गर्दचा प्रकार वेगळा. ती सोडताना होणारा त्रास भयंकर असला तरी सहसा जीवघेणा नसतो. खरा धोका नंतर येतो. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. चाळीस दिवसांनी परतलेला तरुण जुन्याच मात्रेकडे वळला तर त्याचा श्वास थांबू शकतो. म्हणजे बाहेरून कडी लावलेली खोली आणि 'आता सुधारला' म्हणून सोडलेली नजर, दोन्हींतून जनाजा उठू शकतो. प्रशिक्षित समुपदेशक औषध देत नाही, ते डॉक्टरांचे काम आहे. पण कोणाला आज रात्रीच रुग्णालयात न्यायचे आणि कोणाशी उद्या निवांत बोलायचे, हे त्याला कळते.

आता आपल्याच परंपरेकडे पाहा. तजवीद शिकवणाऱ्याला आपण विचारतो की तुमचे उस्ताद कोण? हदीस सांगणाऱ्याची सनद शतकानुशतके तपासली गेली. मदरशात वर्षे घालवूनही उस्तादांची इजाजत मिळाल्याशिवाय कोणी फतवा देत नाही; निदान देऊ नये. जीभ चुकून एक अक्षर बिघडू नये म्हणून एवढी सावधगिरी, आणि पोटच्या पोराचा जीव मात्र ज्याच्या हाती द्यायचा त्याची सनद विचारायची नाही, हा न्याय मला अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

ही सनद मिळते कुठे? पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले. तेथे उपचारांबरोबर कार्यकर्त्यांचे प्रशिक्षणही होते, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेकजण तेथे समुपदेशनाचे काम करतात. दिल्लीची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था केंद्र सरकारच्या वतीने असे अभ्यासक्रम चालवते. आशिया-प्रशांत क्षेत्रासाठीच्या कोलंबो योजनेच्या मूलभूत पाठ्यक्रमात आठ विषय आहेत. मादक द्रव्यांचा शरीरावरील परिणाम, सोबत असणारे मानसिक आजार, तपासणी व नोंदी, संकटप्रसंग हाताळणे, व्यावसायिक नीती इत्यादी त्यात येतात, आणि पुढे परीक्षा असते. बहुतेक जण आधी समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदवी घेतात. मात्र व्यसनमुक्ती समुपदेशकासाठी वकील-डॉक्टरांसारखी एकच देशव्यापी परवान्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या शिबिराचे लॅमिनेट केलेले कागद भिंतीवर लावणारेही भेटतात. कोणाच्या देखरेखीखाली किती काळ काम केले, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

'मी स्वतः सोडली आहे, मला कोण शिकवणार?' असे म्हणणारेही असतात. त्यांचा अनुभव मोलाचा आहे. पण आपण ज्या वाटेने बाहेर आलो ती प्रत्येकाची वाट नसते, हे ओळखायलाही शिकावेच लागते.

शिकण्यातला सर्वांत अवघड धडा ऐकण्याचा. अमेरिकेत विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशकाने जितके फैलावर घेतले, तितके समोरच्या माणसाचे पिणे वर्षभरानंतर अधिक आढळले. मला हे वाचताना सहीह बुखारीतील तो सहाबी आठवला, जो मद्यपानासाठी पुन्हा पुन्हा पकडून आणला जात असे. त्याला शिक्षा झाली. ती टळली नाही. पण कोणीतरी त्याला शाप दिला तेव्हा प्रेषितांनी (स.) रोखले आणि हा अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करणारा आहे, अशी ग्वाही दिली. दुसऱ्या एका निवेदनात, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, अशी ताकीद आहे. कृत्य हराम आहे आणि माणूस आपला आहे, ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणता येणे हे खरे कसब. व्यसन हा आजार की गुनाह, असा वाद आपल्या बैठकांत रंगतो. मला तो निरर्थक वाटतो. तौबा बंद्याने आपल्या रबकडे करायची आहे, फेफऱ्यावरचे औषध डॉक्टरने द्यायचे आहे, आणि एकामुळे दुसरे रद्द होत नाही.

दुसरी अमानत गुपिताची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारही आपल्या कक्षेत घेतले, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि कोणालाही साखळीने बांधण्यास मनाई केली. मशिदीच्या ओट्यावर मात्र अशी गुपिते अस्रपासून मगरिबपर्यंतही टिकत नाहीत. जीव धोक्यात असेल तेव्हा योग्य व्यक्तीला सांगणे वेगळे, आणि लग्नाच्या स्थळाच्या चौकशीत कुजबुजणे वेगळे. हा फरक प्रशिक्षणात शिकवला जातो. खरे तर तो आपल्या मकतबमध्येही शिकवायला हवा.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षण अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेल्यांच्या बायका कोणाशी बोलत असतील? परक्या पुरुषासमोर घरचे दुखणे उघडे करायला त्या कचरतात, आणि सासरी बोलावे तर दोष त्यांच्याच पदरी पडतो. म्हणून आपल्या मुलींनी या शिक्षणाकडे वळण्याची गरज अधिक आहे. दस्तारबंदीच्या जलशासाठी आपण मंडप घालतो, देगी चढवतो. त्याच लिल्लाह निधीतून एखाद्या होतकरू मुलीची समाजकार्य पदवीची फी भरण्याचा विषय आपल्या जमातीच्या बैठकीत मांडून पाहा.

आणि आज रात्रीच तुमच्या घरात कोणी दारू सोडून थरथरत असेल, बरळत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. कुठे जावे हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. त्यास पैसे पडत नाहीत.