कच्च्या लिंबावर राज्य

माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीला तिचं पहिलं प्रगतिपुस्तक मिळालं. नर्सरीचं नाव सांगत नाही. तिथल्या बाई चांगल्या आहेत आणि तो कागद काही त्यांनी छापलेला नाही. ‘रंग ओळखते’पुढे एक हसरा चेहरा, ‘गाणी म्हणते’पुढे दोन आणि ‘शेअरिंग’पुढे तोंड वाकडं केलेला एक पिवळा चेहरा. खाली पेनाने लिहिलेलं : ‘घरी सराव घ्यावा.’ सुनेने तो घेतलाही, पाढ्यांचा घ्यावा तसा. रविवारी सकाळी नात हॉलमध्ये बसून आपला लाकडी ट्रक बाहुलीला देत होती, परत घेत होती आणि दर वेळी ‘झालं का?’ म्हणून आईकडे बघत होती.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझे एक जुने स्नेही आहेत. ते समुपदेशक आहेत आणि आमचं भांडण तीस वर्षांचं आहे. गेल्या दिवाळीत एका अंकात त्यांनी असा सिद्धांत मांडला की, सामाजिकता ही मुळाक्षरांसारखी गिरवून घ्यावी लागते, ती जाणत्या मोठ्या माणसानेच गिरवून घ्यावी, आणि घरोघरी एकेकटं मूल असण्याच्या या काळात तिसरं वर्ष उलटलं की गाडी चुकली. लेखाखाली त्यांच्या शिबिराचा फोन नंबर नव्हता, एवढा संयम त्यांनी पाळला. उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. त्या पिवळ्या चेहऱ्याने आठवण करून दिली.

तर संध्याकाळी सहा वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चला. सात-आठ पोरं लपाछपी खेळताहेत. चकताना माझ्या नातीचाही हात मध्ये जातो. तो पालथा पडो की उताणा, फरक पडत नाही, कारण दुसरीतल्या एका मुलीने आधीच जाहीर केलेलं असतं, ‘ही कच्चं लिंबू!’ म्हणजे ती लपणार, सापडणार, तिने दिलेला धप्पा मोजला जाणार, पण तिच्यावर राज्य येणार नाही. नात रोज त्याच खांबामागे लपते आणि डोळे गच्च मिटून घेते. ज्याच्यावर राज्य असतं तो मुलगा दोनदा तिच्या पुढून जातो, ‘कुठं गेली बाई ही?’ असं मोठ्याने म्हणतो आणि आधी दुसऱ्या कुणाला तरी पकडतो. हा मुलगा पहिलीत आहे. वर्गात तो कुणाला खोडरबर देत नाही, अशी त्याची तक्रार आल्याचं त्याची आईच सांगत होती. न दिसल्याचं सोंग करायला त्याला कोणत्या शिबिरात शिकवलं?

इथे मला ज्याँ पियाजे आठवतो. (पियाजेला ‘कालबाह्य’ म्हणायची आता पद्धत आहे. म्हणोत.) हा स्विस गृहस्थ जिनिव्हा आणि नशातेलच्या पोरांबरोबर गोट्या खेळत बसला. ‘मी लहानपणी खेळायचो, आता विसरलो, तूच शिकव,’ असं तो पोरांना सांगायचा आणि त्यांच्याकडून नियम काढून घ्यायचा. मुलांना बरं-वाईट कसं कळतं यावरचं त्याचं पुस्तक १९३२ चं. त्याची सुरुवातच या गोट्यांपासून होते. त्याला दिसलं ते असं : पाच-सहा वर्षांची दोन पोरं एकत्र खेळताहेत असं आपल्याला वाटतं, पण खरं तर शेजारी बसून दोघं दोन वेगळे खेळ खेळत असतात. आणि कोण जिंकलं विचारलं, तर दोघंही जिंकलेले असतात. नियम मात्र त्यांच्या लेखी देवाने किंवा वडिलांनी घालून दिलेला, त्याला हात लावायचा नाही. सात-आठच्या सुमाराला पोरं एकमेकांना धरून खेळू लागतात. आणखी दोन-तीन वर्षांनी त्यांच्या लक्षात येतं की, सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. गंमत पाहा, ज्याला नियम पाळता येत नाही तोच त्याला अपौरुषेय मानतो! (हे फक्त पोरांपुरतं खरं आहे, असं मी म्हणणार नाही.) पियाजेचा निष्कर्ष माझ्या स्नेह्यांना झोंबणारा आहे. मोठ्यांच्या धाकातून आज्ञाधारकपणा येतो; न्यायबुद्धी येते ती बरोबरीच्यांशी भांडून, तह करून, कट्टी-बट्टी करून. मग साडेतीन वर्षांच्या मुलीकडून ट्रक देण्याचा सराव घेणं म्हणजे काय? ती ट्रक देत नव्हती, हजेरी देत होती.

पण पियाजेशीही माझं एका शब्दावर भांडण आहे. त्याचा सगळा भर ‘बरोबरीच्यां’वर आहे. आमच्या पार्किंगमध्ये बरोबरीचं कोण आहे? एक साडेतीनची, एक पाचवीतला, मधली सगळी उतरंड. कच्चं लिंबू ही सोय या उतरंडीनेच काढलेली आहे. त्यात लिंबाचा फायदा होतो हे उघड आहे, पण माझ्या मते त्याहून जास्त फायदा लिंबू ठरवणाऱ्याचा होतो. नियम काय आहे, तो कुणासाठी आणि किती वाकवायचा, आणि वाकवल्यावरही खेळ खेळच कसा राहील, एवढं सगळं त्या दुसरीतल्या मुलीला एका दमात ठरवावं लागतं. नर्सरीत हे व्हायची सोयच नाही. एकाच वर्षी जन्मलेली वीस पोरं तुम्ही एका खोलीत बसवली, तर त्यात कच्चं लिंबू कोण? वीसही कच्चीच.

म्हणून पोरांना एकत्र सोडा आणि बाजूला व्हा, असा शेवट करून मी लेख संपवणार होते. आमच्या साताऱ्याच्या वाड्याचं अंगणही चवीपुरतं घालणार होते. तिथेच अडले.

त्या अंगणात आम्ही दहा-बारा पोरं होतो. मी बरीच वर्षं कच्चं लिंबू होते, सुखात होते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी आई काम करत असेपर्यंत दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याशी बसायची. कडेवर धाकटा भाऊ, तो झोपला की मांडीवर. आम्ही लपायला तिच्या अंगावरून पळायचो. तिला खेळायला घ्यायचं नाही, असं कुणी बजावलेलं मला आठवत नाही. बजावावं लागतच नव्हतं. लिंबू कोण हे पोरं ठरवत. अंगण कुणाचं हे मोठ्यांनी आमच्या जन्माआधीच ठरवून ठेवलेलं होतं. ती मुलगी आमच्यात कच्चं लिंबूसुद्धा नव्हती.

ताराबाई मोडकांना हे माझ्या फार आधी दिसलं होतं. १९४५ मध्ये अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ती येतील म्हणून वाट बघत न बसता त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. १९७५ नंतर सरकारी योजनेबरोबर देशभर पोचलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला आहे. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलामुलींत काम करताना त्यांना कडेवर भावंड घेतलेल्या मुली दिसल्या. भावंडाला ठेवायचं कुठे, म्हणून मुलगी शाळेला मुकते. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. लहान-मोठी पोरं एकत्र असण्याचं मी वर जे कौतुक केलं, त्याची दुसरी बाजू त्या कडेवर होती. आमच्या उंबऱ्यावरही होती.

तेव्हा मोठं माणूस लागतं, हे स्नेह्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. त्यांनी हे कापून ठेवायला हरकत नाही. पण मोठ्या माणसाचं काम फाटकापाशी आहे. ते उघडून झालं की त्याने बाकावर जाऊन बसावं आणि रडारड ऐकू आली नाही असं दाखवावं. रक्त आलं तर उठावं.

आमच्या वॉचमनची मुलगी गेले तीन महिने मीटरच्या खोलीशी उभी राहून खेळ बघते. तीन महिने मीही बाकावरून तिला बघत होते, आणि पियाजेवर मनातल्या मनात लेख लिहीत होते. परवा उठले. दुसरीतल्या त्या मुलीला म्हटलं, ‘हिलाही घ्या गं.’

तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘आजी, ही केवढी आहे?’

‘पाचची.’

‘मग कच्चं लिंबू नाही हं. राज्य घ्यावं लागेल.’

तिसऱ्या डावात तिच्यावर राज्य आलं. शंभरपर्यंत मोजायचं होतं, आकडे तिला वीसपर्यंतच येत होते. पोरं लपायची थांबली, खांबाशी दोन मिनिटं खल झाला. वीसपर्यंत पाच वेळा मोजलं तरी चालेल, असं ठरलं.